खताची गोणी दगड का होते आणि तिची धूळ कोणाच्या छातीत जाते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका शेतकरी भाऊचा फोटो आला होता, युरियाची गोणी आडवी टाकलेली आणि तिच्यावर पहार मारताना, वर हेडिंग की बोगस खत विकून शेतकऱ्याची लूट. तो फोटो बघितल्यापासून मनात घोळतंय म्हणून लिहायला बसलो, पत्र लांबेल पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती. मी मिश्र खताच्या दाणेदार प्लांटमध्ये शिफ्ट केमिस्ट म्हणून २७ वर्षं काढली, आता चोपडा तालुक्यात शेती बघतो आणि सीझनला पुतण्याच्या कृषी केंद्रावर बसतो, म्हणजे खत बनताना पण बघितलंय, विकताना पण आणि वावरात टाकताना पण. त्यावरून सांगतो की ती गोणी बोगस असेलच असं नाही, बहुतेक अस्सलच असणार. पण म्हणून शेतकऱ्याची तक्रार खोटी ठरत नाही. गोणी दगड झाली यात कोणाची तरी चूक आहेच, आणि ज्या चुकीने गोणी दगड होते त्याच चुकीने धूळ उडते, हे दोन वेगळे रोग नाहीत. एवढं एकच मला सांगायचंय आणि ते नीट सांगायचंय.

आमच्या केंद्रावर गेल्या खरिपात एक जण असाच गोणी परत घेऊन आला, गोणी काउंटरवर आपटली आणि म्हणाला, "हाई खत शे का दगड शे?" त्याचा राग बरोबर होता, भाड्याची रिक्षा करून आला होता बिचारा. मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि त्याच्याच गोणीतला खडा फोडून चमचाभर युरिया ग्लासभर पाण्यात टाकून ग्लास त्याच्या हातात दिला. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून ग्लास हाताला गार लागतो आणि खाली गाळ काही राहत नाही. मग शेजारच्या चहावाल्याकडून तवा आणून गरम तव्यावर चिमूटभर टाकला, तो पूर्ण वितळून उडून गेला, मागे राख नाही की खडा नाही. डीएपी म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेट, त्याची खूण अजून सोपी आहे, आपल्याकडे तंबाखू मळणाऱ्याला शिकवायची पण गरज नाही, चार दाणे तळहातावर घ्या, त्यात चुना लावून चोळा, नाकाला झणका देणारा अमोनियाचा वास आला की माल अस्सल. अशा खुणा कृषी सहाय्यकाने गावागावात करून दाखवायला पाहिजेत, पाच मिनिटांचं काम आहे, अर्थात शंका राहिलीच तर लॅबचा रिपोर्ट हाच खरा.

तर गोणी अस्सल होती. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतं, ते मोकळ्या दाण्यात पण तेवढंच आणि दगड झालेल्या गोणीत पण तेवढंच, पाणी लागून खत वाहून गेलं नसेल तर. पण शेतकऱ्याचं नुकसान वेगळं होतं. पेरणी यंत्राच्या नळीत खडा अडकतो, एका ओळीत खत पडतच नाही आणि पुढच्या ओळीत भसकन पडतं, हाताने टाकताना कपाशीच्या एका झाडाच्या बुडाशी सुपारीएवढा गोळा पडतो तिथली मुळं भाजतात आणि शेजारची दोन झाडं पिवळीच राहतात. ते कोणी मोजत नाही. ठिबकमधून द्यायचं असेल तर टाकीत विरघळतं, तिथे खड्याने फार बिघडत नाही, फक्त वेळ जातो, म्हणून असला माल केळीवाल्याने ठिबकला वापरून टाकला तर वाया जात नाही एवढं मी सांगत असतो.

आता दगड का होतो ते सांगतो. घरातली मिठाची बरणी आठवा. उन्हाळ्यात मीठ झुळझुळ पडतं आणि श्रावणात बरणीत चमचा घुसत नाही. मिठात कोणी भेसळ केली का, नाही. प्रत्येक क्षाराची हवेतल्या दमटपणाची एक हद्द असते, तिला आमच्या धंद्यात क्रिटिकल ह्युमिडिटी म्हणतात. हवा त्या हद्दीच्या खाली असली की दाणा कोरडा राहतो, हद्दीच्या वर गेली की दाणा हवेतलं पाणी ओढायला लागतो. ३० अंश तापमानाला युरियाची हद्द साधारण ७२-७३ टक्के आहे, मिठाची ७५ च्या आसपास, डीएपीची ८२-८३ आणि पोटॅशची ८४. आता आपल्याकडे बघा, मे महिन्यात जळगाव भुसावळला पारा ४४-४५ वर जातो पण हवा इतकी कोरडी की युरिया उघडा ठेवला तरी मोकळा राहतो. मृग लागला, पाऊस पडला की पहाटे हवेचा दमटपणा ८०-९० वर जातो, म्हणजे युरिया रात्रभर पाणी पितो, दाण्याच्या अंगावर पातळसा ओला थर सुटतो, त्यात दाणा थोडासा विरघळतो. मग दुपारी उघाड पडते, ऊन तापतं, गोडाऊनचे पत्रे तापतात आणि तो थर वाळतो, वाळताना त्या पाण्यातला क्षार दोन दाण्यांच्या मधे स्फटिक होऊन बसतो. तो सांधा असतो, सिमेंटने दोन विटा जोडाव्यात तसा. रोज रात्री ओलं, रोज दुपारी कोरडं, असं पंधरा दिवस चाललं की गोणी एकसंध. नुसता सततचा दमटपणा परवडला पण हे ओलं-कोरडं ओलं-कोरडं वाईट, आणि खानदेशात पावसाचे खंड पडतात तेव्हा नेमकं हेच होतं, वर पत्र्याचं गोडाऊन, मग काय.

बाहेरची हवा हे एक झालं, पण कित्येकदा गोणी प्लांटमधूनच रोग घेऊन निघते आणि ही गोष्ट मी स्वतः बघितलीय. आम्ही दाणे बनवून ड्रायरमधून वाळवायचो, मग कूलरमधून गार करून चाळणीवर आणि मग गोणीत. एका वर्षी मे मध्ये कूलरचा पंखा बंद पडला, बेअरिंग गेलं होतं, स्पेअर यायला तीन-चार दिवस लागणार होते आणि वरून डिस्पॅचचा तगादा. मी रजिस्टरला लिहून दिलं की माल गरम आहे भरू नका, तरी भरला गेला. थर्मामीटर गोणीत खुपसला तर ६५ अंश. रात्री थप्पीवर हात ठेवला तर तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी लागत होती गोणी. आता गरम गोणीत काय होतं, मधला भाग गरम राहतो आणि बाहेरची कड रात्री गार पडते, मग मधल्या दाण्यातला ओलावा वाफ होऊन कडेला येतो आणि प्लास्टिकच्या अस्तराला आतून घाम सुटतो. बाहेरून पाण्याचा थेंब लागलेला नाही आणि आत गोणी ओली. आठव्या दिवशी थप्पी उघडली तेव्हा खालच्या गोण्या उचलल्यावर वाकत नव्हत्या, फळीसारख्या सरळ उभ्या राहत होत्या. तो सगळा माल फोडून परत मशीनला घालावा लागला, दहा-बारा बायामाणसं मोगऱ्या घेऊन बसली होती आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. बेअरिंगचे पैसे वाचले का नाही माहीत नाही, मजुरी मात्र तिप्पट गेली आणि धूळ कोणाच्या हिशोबात आली नाही. तेव्हापासून मी सांगतो की गोणी गार करून भरणं हे अर्धं काम आहे, खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये युरियाच्या ओलाव्याला १ टक्क्याची मर्यादा आहे, ती पाळलेली गोणीसुद्धा गरम भरली तर बसते, म्हणजे दगड होते.

तिसरी गोष्ट दाब. थप्पी वीस-बावीस थरांची लावली की तळाच्या गोणीवर पाऊण-एक टनाचा भार येतो, दाणे एकमेकांत चेपतात, टोकाला टोक लागलेलं असतं तिथे आता बोटाच्या पेरासारखा सपाट चिकटा होतो, तिथे सांधा जास्त घट्ट बसतो. म्हणून एकाच थप्पीतली वरची गोणी मोकळी आणि तळाची दगड, शेतकऱ्याला वाटतं वरचा माल ओरिजिनल आणि खालचा डुप्लिकेट.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे कोणाचं लक्ष नाही, ती म्हणजे चुरी. दाणा फुटून जो बारीक भुगा होतो तो. एक दाणा फोडून त्याचे शंभर बारीक कण केले तर वजन तेवढंच पण अंग कितीतरी वाढतं, म्हणजे पाणी ओढायला जास्त जागा आणि चिकटायला जास्त टोकं. दोन गोल दाण्यांच्या मधल्या फटीत ही चुरी जाऊन बसते आणि गिलाव्याचं काम करते. तीच चुरी मोकळी राहिली तर गोणी आपटल्यावर हवेत उडते. म्हणून मी वर म्हटलं की दोन रोग नाहीत, दमट हवेत ती ढेकूळ होते आणि कोरड्या हवेत धूळ होते, माल तोच. ज्याने चुरी कमी केली त्याने दोन्ही कमी केलं.

चुरी कुठे होते ते बघायचं असेल तर रेक म्हणजे खताची मालगाडी लागल्यावर रेल्वेच्या मालधक्क्यावर या. एका रेकमध्ये अडीच हजार टनांच्या वर माल असतो, ४५ किलोच्या हिशोबाने पंचावन्न हजारांवर गोण्या होतात, आणि ठराविक तासांत रेक रिकामी केली नाही तर डॅमरेज म्हणजे रेल्वेचा दंड लागतो म्हणून सगळी पळापळ. हमाल गोणीला लोखंडी हूक मारून ओढतो. एकदा वॅगनच्या दारात, एकदा धक्क्यावर, एकदा ट्रकवर, मग होलसेलच्या गोडाऊनला, मग आमच्या केंद्रावर, म्हणजे शेतकऱ्याच्या घरी जाईपर्यंत एकेका गोणीला पाच-सहा वेळा आपटणं आणि पाच-सहा वेळा हूक. प्रत्येक हूक म्हणजे अस्तराला भोक, त्या भोकातून दमट हवा आत आणि चुरी बाहेर. एका गोणीतून नुसतं मूठभर, ५० ग्रॅम धरा, तेवढं सांडलं तरी एका रेकमागे पावणेतीन टन खत धक्क्यावर पडतं आणि पायाखाली रगडून त्याची धूळ होते. मग संध्याकाळी तेच झाडून पुन्हा गोणीत भरतात, त्यात माती, खडी, बिडीची थोटकं. हूक मारायचा हमालाला काही शौक नाही, ओल्या घामाच्या हाताने प्लास्टिकची गोणी सटकते, त्याला पकड पाहिजे. कान असलेली गोणी किंवा बोथट आकड्याचा पट्टा मिळाला तर तो हूक कशाला मारेल.

मागच्या आखाडात आमच्याकडे सुपर फॉस्फेटचा ट्रक आला होता, पावडरवाला. ज्यांनी उतरवलाय त्यांनाच माहीत तो काय प्रकार असतो. सुपर फॉस्फेटमध्ये मोकळं फॉस्फोरिक ॲसिड थोडं शिल्लक असतं, नियमाने ४ टक्क्यांपर्यंत चालतं, दाणेदारमध्ये एवढा त्रास जाणवत नाही पण पावडर घामाच्या अंगाला चिकटली की मानेवर, काखेत, कमरेला जिथे गोणी घासते तिथे चामडी लाल होते आणि रात्री आग होते. आमचे एक हमाल आहेत, साठीला टेकलेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी ट्रक रिकामा केला, तोंडावरचा रुमाल सोडला, तो आतल्या बाजूने सुद्धा राखाडी झालेला, आणि हौदावर जाऊन डोळ्यात पाण्याचे हबके मारत बसले. मी म्हटलं आप्पा दवाखान्यात चला, ते म्हणाले दुसरा ट्रक लागलाय. ते ऐकून मला लाज वाटली, कारण माल आमचा होता आणि पुतण्याच्या दुकानात तेव्हा एक साधा मास्क पण नव्हता.

रुमाल डोळ्याला दिसणारी धूळ अडवतो, छातीत खोल जाणारे कण डोळ्याला दिसतच नाहीत, १० मायक्रॉनच्या खालचे, ते रुमालाच्या विणीतून आरामात जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क पाहिजे, करोनात आपण सगळ्यांनी वापरला तोच, आता दुकानात सहज मिळतो. चष्मा पाहिजे आणि उतरवायच्या जागेजवळ स्वच्छ पाण्याचा नळ पाहिजे, पिंप भरून ठेवलं तरी चालेल. हमालांसाठी आपल्या राज्यात १९६९ सालापासून माथाडी कायदा आहे, इतर राज्यांनी बघावा असा कायदा, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. माथाडी मंडळाकडे लेव्ही म्हणजे मजुरीवरची ठराविक जादा रक्कम भरली जाते, पावत्या होतात, पण धुळीचा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघतात, रेल्वे म्हणते माल कंपनीचा, कंपनी म्हणते हँडलिंगचा ठेका दिलाय, ठेकेदार म्हणतो हमाल मास्क घालत नाहीत. ४२ अंशात दिवसभर मास्क घालून गोणी उचलायला सांगणं सोपं नाही हे मलाही कळतं, म्हणून तर मी म्हणतो आधी धूळच कमी करा, मास्क नंतर.

हे नुसतं खतापुरतं नाही. जळगावच्या दालमिलमध्ये तुरीची चुणी-भुसी उडते, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांना विचारा दिवसभर शिंका आणि रात्री हातांची आग, जिनिंगमध्ये कापसाचं तूस, मक्याच्या खळ्यावर मक्याची धूळ. धान्याची, डाळीची, साखरेची धूळ तर पेटते सुद्धा, बंद जागेत हवेत भरली आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थला फेब्रुवारी २००८ मध्ये साखरेच्या धुळीने कारखाना उडाला आणि १४ माणसं गेली, साखर म्हणजे आपण चहात घालतो तीच. म्हणून मिलवाल्यांनी तुळयांवर, पंख्यांवर साचलेल्या धुळीकडे कचरा म्हणून बघू नये, ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून तर अजिबात देऊ नये, ओढून घ्यावी.

गोणी बसण्यावरून पण जगात फार मोठी किंमत मोजून झालीय. जर्मनीत ओपाऊ इथे खताच्या कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचं मिश्रण कोठारात बसलं होतं, डोंगरासारखा ढीग, कुदळीने फुटेना म्हणून सुरुंग लावून मोकळं करायची पद्धत होती, कित्येक वेळा तसं केलेलं होतं, आणि २१ सप्टेंबर १९२१ ला सकाळी तो ढीगच उडाला, पाचशेच्या वर माणसं मेली. पुढे १९४७ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात जहाजावरचं अमोनियम नायट्रेट पेटून उडालं, तिथेही पाचशेच्या वर, त्या दाण्यांना बसू नये म्हणून मेणाचा थर दिलेला होता आणि तो मेणच आगीला मदत करणारा ठरला. वाचकांनी घाबरू नये, आपल्याकडचा युरिया, डीएपी, पोटॅश असे उडत नाहीत, त्यांचा तो गुण नाही. पण आधी बसू द्यायचं आणि मग जोर लावून फोडायचं, ही सवयच चुकीची आहे हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे, आणि आपण अजून पहार घेऊन उभे आहोत.

मग उपाय काय. कंपनीच्या हातात बरंच आहे. दाणा मजबूत करणं हा पहिला. प्रिल युरिया म्हणजे उंच टॉवरवरून वितळलेला युरिया थेंबाथेंबाने सोडतात आणि खाली येईपर्यंत तो हवेत थिजतो, साबुदाण्याहून लहान दाणा, तो नाजूक असतो. दाणेदार युरिया थरावर थर चढवून करतात, तो मोठा आणि टणक, कमी फुटतो, कमी बसतो. दाण्याला घट्टपणा यावा म्हणून फॉर्मल्डिहाइड अगदी अर्ध्या टक्क्याच्या आत घालतात. दाण्यावर तेलकट थर देतात, त्याने पाणी लवकर चिकटत नाही आणि चुरी दाण्यालाच धरून राहते. २०१५ पासून युरियाला नीम कोटिंग म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा झाला तो नत्र हळूहळू सुटावं आणि शेतीचा युरिया इतर कारखान्यांकडे वळू नये म्हणून, पण तेलामुळे थोडी धूळ बसते हा वरचा फायदा. काही ठिकाणी टाल्क किंवा चिनी मातीची बारीक पूड लावतात दाण्यांच्या मधे पडदा म्हणून, तिने गोणी बसत नाही पण पूड जास्त झाली तर तीच उडते, तेल जास्त झालं तर गोणी डागाळते आणि थप्पीवरून घसरते. माप साधावं लागतं, आणि ते माप मुंबईच्या हवेला वेगळं आणि खानदेशच्या हवेला वेगळं असतं हे कंपनीच्या लोकांनी लक्षात घ्यावं असं मी नोकरीत असतानाही लिहून दिलं होतं.

दुकानदार भाऊंना माझं सांगणं आहे की गोणी जमिनीवर टेकवू नका, खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट टाका, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून थप्पी लावा, बारा थरांच्या वर जाऊ नका, जागा कमी पडते हे मला माहितीय, पण तळाच्या गोण्या परत आल्यावर पडते ती जागा पण मोजा. पावसाळी पहाटे हवा खेळती राहावी म्हणून गोडाऊनचं शटर उघडतात, ते नेमकं उलटं आहे, दमट हवा आत घेता तुम्ही. पाऊस उघडला, ऊन पडलं की दुपारी उघडा आणि संध्याकाळी बंद करून थप्पीवर प्लास्टिकची ताडपत्री चारी बाजूंनी ओढून घ्या. आधी आलेला माल आधी काढा. आणि गोणी बसलेली दिसली तर तिला मोगरीने बडवू नका, आडवी धरून कमरेइतक्या उंचीवरून सपाट सोडा, एकदा या अंगाने एकदा त्या अंगाने, हलकी बसलेली असेल तर तेवढ्याने सुटते. मोगरीने सांध्याबरोबर दाणा पण फुटतो, चुरी वाढते, आणि ती गोणी पुढच्या पावसात दुप्पट घट्ट बसते. सपाट सोडून पण सुटली नाही तर ती शेतकऱ्याच्या माथी मारू नका, बदलून द्या आणि कंपनीकडे क्लेम करा.

शेतकरी भाऊंनी एक चूक टाळावी, आपल्याकडे सर्रास होते. सकाळी मजूर लवकर लागतील म्हणून रात्रीच ताडपत्रीवर युरिया, डीएपी, पोटॅश एकत्र करून ठेवतात. आता युरियाची एकट्याची हद्द ७२-७३, पोटॅशची ८४, पण दोन्ही मिसळले की मिश्रणाची हद्द ६० च्या आसपास येते, डीएपीबरोबर ६२. म्हणजे ज्या हवेत दोन्ही वेगवेगळे कोरडे राहिले असते त्याच हवेत एकत्र केल्यावर त्यांना पाणी सुटतं. सुपर फॉस्फेटमध्ये युरिया मिसळला तर बाहेरच्या हवेची पण गरज नाही, दोघांची प्रक्रिया होऊन सुपर फॉस्फेटमधलंच बांधलेलं पाणी मोकळं होतं, सकाळी बघावं तर लापशी. जेवढं टाकायचं तेवढंच बांधावर कालवा आणि तासाभरात टाकून मोकळे व्हा. उरलेल्या गोणीचं तोंड सुतळीने गच्च बांधून घरात माळ्यावर ठेवा, गोठ्यात नको, गोठ्यातली हवा सगळ्यात दमट.

संपादक साहेब, कृषी विभागाचे इन्स्पेक्टर नमुना घेतात तो नत्र, स्फुरद, पालाश किती ते बघायला. ते बघावंच. पण त्याच नमुन्यावर चाळणी मारून चुरी किती निघते हे पण लिहा, दाण्याच्या आकाराचे नियम आदेशात दिलेलेच आहेत, नवीन काही करायचं नाही. मालधक्क्यावर निदान खताच्या रेकपुरतं पत्र्याचं छत, हूक बंदी, हमालांना मास्क आणि पाण्याचा नळ, एवढ्यासाठी जिल्हाधिकारी साहेबांनी रेल्वे, कंपन्या आणि माथाडी मंडळ अशा तिघांना एका टेबलावर बसवावं. आणि तुमच्या बातमीदारांना पण विनंती आहे की गोणी दगड झालेली दिसली तर बोगस लिहायच्या आधी तिच्यावरचा उत्पादनाचा महिना बघा, ती कुठल्या थरात होती ते विचारा, चमचाभर खत ग्लासभर पाण्यात टाकून बघा. दुकानदार चोर असेल तर जरूर छापा, पण नसेल तर मग कोणाला विचारायचं, ती गरम भरली कोणी आणि पावसात उघड्या धक्क्यावर ठेवली कोणी, ते छापा.

माझ्याकडे नोकरीतल्या पितळी चाळण्या अजून आहेत, १ मिलिमीटरची आणि ४ मिलिमीटरची. पुढची रेक लागेल तेव्हा तुमचा माणूस पाठवा, एक गोणी वॅगनच्या दारातली आणि तीच कंपनी तोच लॉट आमच्या दुकानातली, दोन्ही त्याच्यासमोर चाळून वजन करून देतो. आप्पांना पण बोलावतो, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून घ्या.

आपला नम्र,
एक निवृत्त शिफ्ट केमिस्ट आणि शेतकरी,
ता. चोपडा, जि. जळगाव